चाक आणि आगबोट

पद्मावतीने रविकांतला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माती खात होता.

बोलण्यापुरती नव्हे, खरोखरची माती. खाडीच्या कडेला इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक माणूस उकिडवा बसला होता. त्याने चिखलाचा गोळा बोटांत चुरला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि सोलकढी जमली की नाही हे बघावं तशी मान हलवली. मग थुंकून दोन पावलं सरकला आणि तिथली माती खाल्ली. दसरा होऊन गेला होता. परत जायला निघालेला पाऊस काहीतरी विसरल्यासारखा एखादी सर टाकून जात होता. माडांवरून पाणी ठिबकत होतं आणि त्या ठिबकण्यात हा माणूस शांतपणे जेवत होता.

पद्मावतीच्या डोक्यावर माशांची पाटी होती. बाजार उरकून ती घरी चालली होती. तिला थांबायचं काही कारण नव्हतं, म्हणून ती थांबली.

"घरात कोण जेवूक घालणा नाय काय तुमका?"

तो दचकून उभा राहिला. तोंड पुसायला गेला तर हात तोंडापेक्षा जास्त मळलेला, त्यामुळे होतं त्याहून वाईट झालं. मग, जणू त्यातून सगळा खुलासा होतो अशा थाटात, तो म्हणाला, "मी... सरकारी माणूस आहे."

"तां दिसताच आसा," पद्मावती म्हणाली.

त्याने मग सविस्तर समजावलं. तो मातीकामाचा शिक्षक होता. मूळचा खारेपाटणचा, कुंभाराच्या घरातला. मुंबईला कलाशाळेत शिकून आला होता. सरकारने मालवणात दोन वर्षांसाठी भांडी घडवायचा वर्ग काढला होता आणि त्यासाठी माती शोधणं चाललं होतं. माती जिभेवर ठेवली की खारट किती, चिकट किती, रेव किती, सगळं कळतं. पद्मावतीने सगळं ऐकून घेतलं आणि पाटीतल्या उरलेल्या दोन तारल्या केळीच्या पानात बांधून त्याच्या हातावर ठेवल्या. मातीपेक्षा हे बरं लागेल, एवढंच म्हणाली आणि चालू लागली. वळणावर तिने मागे पाहिलं. सरकारी माणूस पावसात, हातात दोन तारल्या घेऊन, पाठ्यपुस्तकातल्या पुतळ्यासारखा उभा होता.

असं ते सुरू झालं. सत्तावन्न सालची गोष्ट.

वर्ग भरायचा नानांच्या मांगरात, घरामागच्या सामानसुमानाच्या खोपीत. नाना म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. मांगर त्यांचा, आणि सरकारला हवे तेवढे विद्यार्थी मिळेनात म्हणून विद्यार्थीही तेच. वर्गात त्यांचं वय सगळ्यात जास्त आणि प्रगती सगळ्यात कमी. नानांनी काहीही घडवायला घेतलं, वाटी म्हणा, सुरई म्हणा, शेवटी ते तुळशीवृंदावन व्हायचं. रविकांतने पुष्कळ प्रयत्न केले आणि अखेर नानांना तुळशीवृंदावनंच करायला सांगितली. त्या दिवशी नानांच्या हातून आयुष्यातली पहिली वाटी झाली.

पद्मावती आधी मासे द्यायला म्हणून मांगरात येऊ लागली. मासळीचा हंगाम जोरात होता, थांबायला सवड नसायची. पण चाक फिरत असलं की तिचे पाय उंबऱ्यावर चिकटायचे. ओल्या मातीचा गोळा गरगरता गरगरता पोकळ होतो, वर चढतो, श्वास घेतल्यासारखा फुगतो... आणि तिच्या डोक्यावरची पाटी कलायची. नाताळच्या सुमाराला एक दिवस ती पाटी खाली ठेवून म्हणाली की मलाही बसायचंय.

 रविकांतने चाक थांबवलं. त्याच्या घरात बायका माती मळत, रंग देत, भांडी उन्हात मांडत. चाकाला मात्र कुणी बाई हात लावत नसे. त्याच्या आजीने उभ्या जन्मात चाक फिरवलं नव्हतं, आणि तिला ते सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

"आमच्याकडे चालत नाही," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "पण वर्ग सरकारी आहे. सरकारला आजी नसते. बस."

तर पद्मावती अशी एकदम चाकावरच बसली. पहिल्या दोन महिन्यांचे धडे, माती कुठली घ्यावी, कुठली घेऊ नये, तिच्या वाट्याला आलेच नाहीत. त्याची उणीव तेव्हा कुणाला भासली नाही, कारण आठवड्याभरात तिचा गोळा चाकाच्या मधोमध येऊन असा काही स्थिर झाला की फिरतोय हेच कळू नये. वर्गातल्या बाकीच्यांचे त्यात आठवडेच्या आठवडे गेले होते. नानांचे अजून जायचे होते.

रविकांतची शिकवायची एक तऱ्हा होती. तो विद्यार्थ्याच्या भांड्याला कधी हात लावायचा नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा आणि हनुवटीने दाखवायचा. इथे दाब. इथे सोड. त्याच्या हनुवटीला मालवणात मान मिळू लागला होता.

"मास्तर, ह्यो गोळो माझा आयकणा नाय."

"तू त्याचं ऐक. मग तो तुझं ऐकेल."

"बाबा आवशीक असांच सांगतत. आवस अजून कोणाचां आयकणा नाय." पद्मावतीने चाकाला लाथ मारली. गोळा वर चढू लागला. "तुमी हात कित्याक मागे बांधतास?"

"मी हात लावला की ते भांडं माझं होतं."

"मगे लावा."

चाक आपल्या आपण फिरत राहिलं.

"म्हणजे... भांड्याक," पद्मावती म्हणाली.

"मी भांड्याबद्दलच बोलतोय," रविकांत म्हणाला. पण त्याचे कान भट्टीतून काढल्यासारखे लाल झाले होते. पलीकडे नानांनी आपल्या तुळशीवृंदावनात डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

मालवणात एखाद्या मुलीचं मन ओळखायला ज्योतिषी लागत नाही. ती कुठला मासा देते ते बघायचं. दिवाळीपर्यंत मास्तरांना तारल्या येत होत्या. संक्रांतीला बांगडे आले. मग एकदा पानात बांधलेली सुरमय आली, तीही मधली तुकडी, शेपटीकडची नव्हे. नाना दिवसेंदिवस गंभीर होत चालले. मास्तर त्यांच्याच ओटीवरच्या खोलीत राहायचे, त्यामुळे प्रत्येक मासा त्यांच्या डोळ्यांखालून जायचा. ज्या दिवशी सरंगा आला, ताटलीएवढा, चंदेरी, डोळ्यांत अजून समुद्र असलेला, त्या दिवशी नानांनी जेवण झाल्यावर पान लावलं आणि मास्तरांना सांगितलं की आता तिच्या घरी कळवा.

कळवायचं काम नानाच करून आले. शंकर तांडेल, पद्मावतीचा बाप, वाळूवर बसून जाळं विणत होता. त्याची रापणीत, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, भागी होती आणि स्वतःची होडीही होती. मुंबईची आगबोट बंदराबाहेर उभी राहिली की तो उतारूंची ने-आण करायचा. त्याने नानांचं सगळं ऐकलं. मुलगा कुंभाराचा, आपण गाबीत, यावर पद्मावतीची आई यशोदा चार दिवस भांडी आपटत राहिली. पण शंकरची हरकत वेगळीच निघाली. वर्ग दोन वर्षांचा, म्हणजे मास्तरही दोन वर्षांचे. पुढे काय?

"हंगामी मासो बरो," तो म्हणाला, "हंगामी जावय नको. वर्ग कायम झालो काय चेडू देतंय."

झालं. आता सगळं त्या वर्गावर आलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी रत्नागिरीहून साहेब येणार होते. प्रदर्शन बघून वर्ग कायम करायचा की गुंडाळायचा ते ठरवणार होते. पद्मावती आणि रविकांत यांचं लग्न व्हायचं की नाही हे एका प्रदर्शनातल्या कुंड्या-बरण्यांवर ठरणार होतं, आणि हे अख्ख्या मालवणला ठाऊक होतं, फक्त साहेबांना नव्हतं.

साहेबांनी तारीख अलीकडे आणली. शिमगा तोंडावर. मोठ्या कुंड्या-बरण्या अजून घडायच्या होत्या, आणि मोठ्या भांड्याच्या मातीत वाळू मिसळावी लागते, नाहीतर वाळतानाच ते तडकतं. वाळू नदीची यायची, गाडीने. गाडीवान शिमग्याच्या सोंगात दशरथ झाला होता. दशरथ वाळू आणीना.

तेव्हा पद्मावती एके सकाळी ओंजळभर वाळू घेऊन आली. तिच्या दारातली, किनाऱ्यावरची. पांढरी, मऊ, चाळून घेतलेली. तिने तळहात रविकांतपुढे धरला.

"ही चलात?"

कोवळं ऊन तिरकं येत होतं. वाळूचे कण तिच्या तळहाताच्या रेषांत बसले होते, बांगडीच्या काठाला चिकटले होते. मनगटावर सुकलेल्या मातीची एक पुसट रेघ होती. रविकांत बघत राहिला... वाळूत काय काय आहे हे त्याने जिभेवर ठेवून सहज ओळखलं असतं. त्याने नाही ठेवलं. तो वाळूकडे बघतच नव्हता.

"चालेल," तो म्हणाला.

नानांनी घसा खाकरला. दोघांनीही ऐकलं नाही.

भट्टी अशी लागली की कुणाच्या स्वप्नातही लागली नसती. एक भांडं तडकलं नाही, एक वाकडं झालं नाही. बरण्या बाहेर आल्या तेव्हा तांबूस अंगावर मधाच्या रंगाची झिलई, बोटाने टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाद. पद्मावतीची एक बरणी कमरेइतकी उंच होती. रविकांत तिच्याभोवती हात मागे बांधून फिरला, आणि फिरून झाल्यावर म्हणाला की एवढी मोठी आपल्याला अजून जमलेली नाही. पद्मावतीने पदराचा शेव तोंडात धरला. यशोदाने त्या संध्याकाळी भांडी न आपटता घासली.

प्रदर्शन शाळेच्या मोठ्या खोलीत मांडलं. साहेब आले. समुद्रावरून ओला वारा येत होता, खिडक्या उघड्या होत्या. साहेब सज्जन होते. सगळं नीट बघितलं, पद्मावतीच्या बरणीपुढे बराच वेळ थांबले, मग भाषणाला उभे राहिले. या वर्गाचं भवितव्य उज्ज्वल आहे, असं ते म्हणाले, आणि त्याच क्षणी कुठेतरी टिक् वाजलं.

पाल चुकचुकली असं समजून सगळ्या सभेने जमिनीवर बोटं वाजवली. बोललेलं खरं होतं म्हणतात. साहेब खूश झाले. असे कारागीर आपल्याला हवेत, ते म्हणाले. टिक्. पुन्हा बोटं. हा वर्ग कायम व्हावा अशी माझी... टिक्. टिक् टिक्. एवढ्या पाली शाळेत नव्हत्या.

मग एका कुंडीच्या अंगावरून रुपयाएवढा टवका उडून साहेबांच्या टेबलावर पडला. दुसरा एका बरणीचा उडाला. सभा बघत राहिली आणि भांडी, कुणी हात न लावता, आपली आपण फुटत राहिली. एकेक, सावकाश, मूग भाजायला टाकल्यासारखी. कमरेइतकी बरणी सगळ्यात शेवटी गेली. तिने आधी एक लांब श्वास टाकल्यासारखा आवाज केला आणि पोटातून उभी चिरली. नानांच्या तुळशीवृंदावनाला मात्र काही झालं नाही. ते जुन्या मातीचं होतं.

रविकांतने एक टवका उचलला. खळग्याच्या तळाशी मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. त्याने तो बघितला, मूठ मिटली आणि साहेबांसमोर ताठ उभा राहिला.

"भट्टी मी नीट लावली नाही," तो म्हणाला. "विद्यार्थ्यांचं काम उत्तम होतं. चूक माझी आहे."

साहेबांनी ते फार चांगल्या तऱ्हेने घेतलं. रविकांतच्या खांद्यावर हात ठेवला, चहा घेतला, आणि रत्नागिरीला जाऊन वर्ग बंद केला.

पद्मावतीला कितीतरी दिवस वाटत राहिलं की भट्टीच चुकली. मास्तर बोलत नव्हते. खोलीत बसून सरकारी सामानाच्या पेट्या भरत होते. एकदा ती मांगरात गेली तर नाना एकटेच बसलेले. त्यांनी तिला जवळ बसवलं.

"गो बाय, भट्टी बरी होती," ते म्हणाले. "वाळू ती. दर्याच्या वाळूत शिंपलो बारीक होवन मिसळलेलो आसता. तो चाळणीत रवना नाय. शिंपलो भाजलो काय चुनो जाता, चुन्याक ओल लागली काय फुगता. मास्तरांनी आमका पयल्याच दिवशी शिकयलेला."

पद्मावती ऐकत होती. तिच्या ओळखीच्या प्रत्येक घराची भिंत शिंपल्याच्या चुन्याने सारवलेली होती. जन्मभर शिंपले भाजलेले बघितलेली माणसं होती ती.

"तुमका म्हायत होतां?"

"म्हायत होतां."

"मगे बोललास कित्याक नाय?"

नानांनी चष्मा काढून पुसला. "मास्तर तुज्या हाताकडे बघी होते," ते म्हणाले. "मी म्हातारो... मधे खंय बोलू?"

ती उठून घरी गेली आणि बापाला सगळं सांगितलं. वाळू माझी होती, दोष त्यांनी आपल्यावर घेतला, हेही सांगितलं. शंकर तांडेलने जाळं बाजूला ठेवलं.  दुसऱ्याचा दोष घ्यायला लोक एवढे तयार असतात असं त्याच्या पाहण्यात नव्हतं. रापणीत तर जाळं फाटलं की प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवी.

"असो माणूस हंगामी नसता," तो म्हणाला. "नोकरी गेली तर जांवदे. गणपतीची चवथ झाली काय लगीन करून टाकू."

आणि यशोदानेही, आपण मुळापासून याच मताच्या होतो अशा आवाजात, होकार दिला. नाना रडले. गल्लीतल्या बायका ओवाळायला काय काय लागेल याची चर्चा करू लागल्या. मालवणात एका लग्नाविषयी एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं. आता वाटेत कुणीच उभं नव्हतं.

पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट मे महिन्याच्या अखेरीला होती. रविकांतला मुंबईत काम मिळालं होतं. सामानाच्या पेट्या रत्नागिरीला गेल्या. चाक तेवढं राहिलं, कारण ते सरकारी नव्हतंच. इथल्याच मेस्त्रीकडून त्याने स्वतःसाठी करून घेतलं होतं. ते पद्मावतीच्या पडवीत ठेवून द्यावं, असं त्याने नानांना सांगितलं होतं.

बाकीचे उतारू आधीच्या खेपेत गेले. शेवटच्या खेपेला होडीत शंकर वल्ही मारत होता, त्याच्यासमोर रविकांत आपल्या ट्रंकेवर बसला होता आणि पद्मावती टोकाला. आगबोट दूर काळीभोर उभी, धूर सोडत. आभाळ भरून आलेलं, पाणी शिशासारखं. शंकरने मान वळवून किल्ल्याच्या तटाकडे बघायला सुरुवात केली. हा तट त्याने जन्मल्यापासून बघितला होता, पण आज त्यात फारच बघण्यासारखं निघालं.

पद्मावतीने सांगून टाकलं. वाळूचं कळलंय, हेही. आणि घरचे तयार आहेत, हेही. सांगताना ती वल्ह्यावरून गळणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

 रविकांत पहिल्यांदाच सरकारी मराठी सोडून बोलला, एकदम, धरण फुटल्यासारखा. परळला खोली बघून ठेवलंय. दुसऱ्या मजल्यावर. खिडकी आसा, खिडकीतसून झाड दिसता. नळ जवळ. काम कारखान्यात, हात धुवायची आणि संडासाची भांडी करायचं, पांढरीशुभ्र, रोज पाच-पन्नास निघतात. तो हसला. दोन वर्षां शिकयत होतंय सुरई, आता करतलंय कमोड. पद्मावतीही हसली. कितीतरी दिवसांनी दोघं हसत होती. शंकरनेही तटाकडे बघतच हसून घेतलं.

"थंय चाक आसा?" पद्मावतीने विचारलं.

"कारखान्यात? नाय गो. थंय साचे आसत. माती ओतूची, काढूची."

"आणि खोलयेत?"

"खोलयेत खंय मावतला." तो अजून हसतच होता. त्याला वाटलं तिला भीती वाटतेय, म्हणून तो फार मायेने म्हणाला, "आता तुका काय करूचा लागाचा नाय. पाटी नको, माती नको. मी आसंय मां."

वल्ही दोन-तीनदा पाण्यात पडली.

त्याचं काही वाईट नव्हतं. याहून चांगलं बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाने प्रत्येक बाईला दिलेलं सगळ्यात मोठं वचन हेच होतं. पद्मावतीने आपल्या हातांकडे पाहिलं. तिला तो हवा होता. त्याचे लाल होणारे कान हवे होते, ती हनुवटी हवी होती, परळची खिडकीसुद्धा हवी होती. आणि त्या खिडकीत बसलेली ती स्वतः... हातांना काही नाही, समोर झाड. तिने पुष्कळ प्रयत्न केला, पण त्या बाईचा चेहरा काही तिला दिसेना.

"तुमी रवा," ती म्हणाली. "हंयच रवा. चाक आसा. दोघां करू."

"माझ्या हातचां झाकणसुद्धा आता मालवणात कोण घेवचो नाय, पद्मावती. भांड्याक बघूनच लोक मागे सरतत."

ते खरं होतं. पोरं त्याला रस्त्यात बघून टिक् टिक् करायची. त्याने दोष स्वतःवर घेतला म्हणून तिचं नाव स्वच्छ राहिलं होतं. आता तिला इथे राहता येत होतं आणि त्याला येत नव्हतं.

आगबोटीची शिडी जवळ आली. वरून खलाशाने दोर टाकला. शंकरने तो धरला आणि पुन्हा तटाकडे वळला.

"चवथीनंतर येतंय," रविकांत म्हणाला. आणि तिचा चेहरा बघून त्याने तेच पुन्हा विचारलं, अगदी हळू. "येव मां?"

"तुमी माका दोन वर्षां काय शिकयल्यात, मास्तर?"

तो तिच्याकडे बघत राहिला. चांगला शिक्षक होता, त्यामुळे त्याला कळलं. कळताना त्याच्या तोंडावर जे आलं ते धड दुःख नव्हतं. शिकवलेलं विद्यार्थ्याला पुरतं उतरलंय हे बघून मास्तरांना जसं वाटतं तसं काहीतरी त्यात मिसळलेलं होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"येव नकात," ती म्हणाली.

शिडीवर चढण्यापूर्वी त्याने पाठीमागे बांधलेले हात सोडले. तिचे दोन्ही हात हातांत घेतले, घट्ट, क्षणभरच. मग ट्रंक उचलून वर गेला.

होडी बरीच लांब आल्यावर शंकरने वल्ही थांबवली. मागे आगबोटीने भोंगा दिला.

"फिरवू?"

"नको."

तो तरी थांबून राहिला. होडी डुलत होती. दुसऱ्या भोंग्यानंतर पद्मावती उठली, बापाच्या शेजारी येऊन बसली आणि एक वल्हं तिने आपल्याकडे घेतलं. शंकरने पुढे कधी या विषयावर एक शब्द काढला नाही. पण त्या वर्षापासून नदीची वाळू तोच आणून टाकू लागला, स्वतःच्या होडीने, दशरथाची वाट न बघता.

पद्मावतीचं चाक पडवीत फिरत राहिलं. आधी लोक तिच्या कुंड्या लांबून बघायचे, मग पावसाळाभर बाहेर ठेवून बघायचे, मग घेऊ लागले. दोन-चार स्थळं आली. चाकाविषयी विचारलं की मंडळी चहा संपवून उठायची. एकसष्ट साली नाना एकदा पडवीत येऊन बसले, हवापाण्याविषयी बोलले, आणि जाता जाता म्हणाले की मास्तरांनी लग्न केलं. परळचीच मुलगी. पद्मावतीने बरं झालं म्हटलं. तेव्हा चाकावर असलेली सुरई तिने पूर्ण केली, चांगली झाली होती, आणि मग ती उचलून पुन्हा मातीत मिसळली.

चौसष्ट साली कणकवलीला सरकारचं नवं केंद्र निघालं. कुंभारकामाला शिक्षक नेमायचा होता, पुरुष किंवा बाई. मुलाखत रत्नागिरीला. पद्मावती एस.टी.ने गेली, इस्त्रीचं लुगडं नेसून, वाटभर प्रमाण मराठीत मनातल्या मनात उत्तरं घोळवत.

टेबलामागे तिघे होते. मधे अध्यक्ष. उजवीकडचे सभासद डोळे मिटून विचार करत होते, आणि त्यांचा विचार अधूनमधून घोरत होता. डावीकडे मुंबईच्या कारखान्यातून बोलावलेले तज्ज्ञ. तज्ज्ञांचे केस कपाळावरून मागे गेले होते. त्यांच्यापुढे अर्जांची चळत होती. तिचं नाव त्यांनी आधीच वाचलेलं असणार, कारण ती आत आली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"आपण किती वर्षं हे काम करता?" रविकांतने कागदाला विचारलं.

"सात वर्षं."

"मोठं भांडं वाळताना तडकू नये म्हणून आपण काय करता?"

"नदीची वाळू घालते. चाखून बघते आधी."

त्याने काहीतरी लिहिलं. अक्षर तेच होतं, उजवीकडे झुकलेलं. अध्यक्षांनी तिने आणलेली सुरई हातात फिरवून पाहिली, ठेवली आणि खुर्चीत मागे रेलले. ते वाईट नव्हते, फक्त त्यांना अनुभव होता.

"बाई, स्पष्टच विचारतो. आम्ही बायकांना नेमतो. वर्षभरात त्यांचं लग्न होतं आणि काम सोडून त्या नवऱ्यामागे जातात. तुमचं तसं होणार नाही कशावरून?"

पद्मावतीने याचंही उत्तर घोळवून ठेवलं होतं. ते लांब होतं, त्यात राष्ट्राचा उल्लेख होता. ते तिला आठवलं नाही.

"ती वेळ येऊन गेली, साहेब," ती म्हणाली. "मी गेले नाही."

"का बरं?"

"तिथे चाक नव्हतं."

डावीकडचं लिहिणं थांबलं. उजवीकडचे सभासद जागे झाले, उत्तर पुरतं न ऐकता चांगलं आहे म्हणाले आणि पुन्हा विचारात गेले. अध्यक्षांनी तज्ज्ञांकडे वळून आणखी काही विचारायचं आहे का, असं विचारलं. रविकांतने नकारार्थी मान हलवली. 

ती बाहेर व्हरांड्यात आली. भुरभुर पाऊस चालू होता. चप्पल पायात सरकवत होती तेवढ्यात दार उघडलं आणि तज्ज्ञ बाहेर आले. शिपाई चहाला गेला होता, म्हणून पुढच्या उमेदवाराला तेच बोलवायला आले होते. निदान आत तसं सांगून आले होते.

दोघं उभी राहिली.

"बरां आसा मां?" रविकांतने विचारलं.

"बरां आसा. तुमचां?"

"चाललां आसा."

आणखी काहीतरी त्याच्या ओठांवर आलं. तिच्या नखांत सुकलेली माती होती. कितीही घासली तरी ती निघत नाही. तो तिकडे बघत होता आणि पद्मावतीने हात पदराखाली घेतले नाहीत, बघू दिलं. आतून अध्यक्षांनी घंटी वाजवली.

"हरिश्चंद्र मेस्त्री," रविकांतने स्वच्छ सरकारी आवाजात हाक मारली.

अंगणात कुणीही नव्हतं. हरिश्चंद्र मेस्त्री नावाचा माणूस मुलाखतीला आलाच नव्हता. पण नियम असा की उमेदवाराला तीनदा पुकारायचं, आणि मग आत जाऊन गैरहजर लिहायचं.

पद्मावतीने पदर डोक्यावरून घेतला आणि पायऱ्या उतरली. तिच्या पाठीमागे दुसरी हाक आली, रिकाम्या अंगणात, पावसात. ती चालत राहिली. फाटकापाशी येऊन तिने कडी काढली, बाहेर गेली, कडी पुन्हा लावली. तिसरी हाक अजून आली नव्हती. व्हरांड्यात तो खांबाला धरून उभा होता आणि ती एस.टी. स्टँडच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्याने हरिश्चंद्र मेस्त्रीला बोलावलं नाही.